आईला कोणी सांगायचं

आई गेली ती बोलता बोलताच गेली. मी तिचे केस विंचरत होते आणि ती माझा उद्धार करत होती. "केस विंचरतेस का शेत नांगरतेस गं? सासरीसुद्धा असाच हात चालवत असशील, म्हणूनच तो बिचारा..." इथवर आली आणि थांबली. मला वाटलं, मेलेल्या जावयाबद्दल बोलताना जीभ अडखळली असेल. पण आमच्या आईची जीभ कधी अडखळत नसे. पुढे येऊन बघते तर डोळे उघडे, तोंड उघडं, वाक्य अर्धं. नाकाशी पिंजलेलं रेशीम धरलं, ते हललं नाही. बाहेर वर्षातलं पहिलं बर्फ पडायला लागलं होतं.

मी धावत जाऊन भावाला कचेरीतून बोलावून आणलं. माझा धाकटा भाऊ शुए बोयान तालुक्याचा मुख्य अधिकारी. कचेरीच्या मागेच आमचं सरकारी घर, मधे एक अंगण. त्याच्या मागोमाग त्याची बायको हुईनियांग आली. आता आपली माणसं आली म्हणून मी मोकळं रडायला तोंड उघडलं, तर बोयाननं माझ्या तोंडावर हात दाबला. त्याच्या बोटांना शाईचा वास येत होता.

"ताई, गप्प. आधी दार लाव."

"आई गेलीय, बोयान."

"दिसतंय मला. दार लाव म्हणतो ना."

मी दार लावलं. बायकांनी ऐकायचं असतं म्हणून नव्हे, त्याचा चेहरा बघून लावलं.

आई किंवा बाप गेला की अधिकाऱ्यानं त्याच दिवशी शिक्का परत करायचा, पांढरे कपडे घालायचे आणि तीन वर्षं गावी जाऊन सुतक पाळायचं. मरण लपवलं तर पदवी जाते आणि माणूस हद्दपार होतो. आमचे बाबा गेले तेव्हा बोयानची पहिलीच नेमणूक होती. बूड टेकायच्या आत त्याला उठावं लागलं. तीन वर्षं सुतकात गेली, आणि त्यानंतर जागा रिकामी व्हायची वाट बघत राजधानीतल्या धर्मशाळेत त्यानं जी वर्षं काढली त्यांचं नाव काढलं तरी हुईनियांग उठून जाते. शेवटी हा दलदलीचा तालुका मिळाला तेव्हा त्याचे केस पिकले होते. इथं त्यानं नदीला बांध घातला, पूर थांबवला. आता महिन्याभरानं प्रांताचे तपासणी अधिकारी यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला की बढती. आणि आज शिक्का परत केला, तर बांध ह्याचा आणि बक्षीस पुढच्याचं.

"एक महिना," बोयान म्हणाला. "आणखी एक महिना तिला थांबता आलं नाही?"

"तिला सांगायचं राहून गेलं," मी म्हणाले. "नाही तर थांबली असती."

"ताई, चेष्टा नको. तपासणी झाली की त्याच दिवशी जाहीर करतो. छपरावर चढून हाका मारीन, रडीन, सगळं रीतीनं करीन. आईच आहे ती. ती काय रागावणार आहे?"

हुईनियांग इतका वेळ आईच्या पायांवर पांघरूण सारखं करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची." मला ती म्हण तिच्याच तोंडात कोंबावीशी वाटली. पण हा माझा भाऊ. ह्याची नोकरी गेली तर मी, हुईनियांग, गावाकडची म्हातारी काकी, सगळीच उघड्यावर. आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसले.

शवपेटी तयारच होती. आईनं साठीतच करून घेतली होती. दर वर्षी तिच्यावर काळ्या रोगणाचा नवा हात द्यायला लावायची आणि बोटानं टकटक वाजवून बघायची, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. ती पेटी तिच्याच खोलीत मागच्या भिंतीला होती. नोकर बाजाराला गेले असताना आम्ही तिघांनी आईला तिच्यात ठेवलं. बोयाननं जन्मात लेखणीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्या दिवशी आई उचलली. फटी रोगणानं बंद केल्या, वर पडदा ओढला. थंडी अशी होती की पेटीतून वास सुटायची भीती नव्हती.

भीती होती ती दुसरीच. माणूस गेला की घरच्यानं त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा हाक मारायची, परत ये म्हणून. ओ आली नाही की मग खाली सगळ्यांनी मोठ्यानं रडायचं. ओ कोणाला येते म्हणा. पण मला वाटतं ह्या हाका आणि हे रडणं मेलेल्या माणसासाठीच असतं. आपण गेलो हे त्याला त्यावरूनच कळतं. आमच्या आईला हे कळलंच नाही. तिचं वाक्यसुद्धा अर्धं राहिलं होतं.

नोकरांना सांगितलं, आजीबाईंना खोकला झालाय, वारा लागता कामा नये, आत फक्त लेक आणि सून जाणार. दिवसातून दोनदा मी ताट घेऊन आत जायची. रिकामी भांडी परत जायला हवीत, म्हणून पेटीजवळ बसून आईची बाजरीची पेज मीच खायची. तिचा मऊ भात, तिच्या मोहरीच्या पाल्याचं लोणचं, सगळं मीच. मधून मधून तिच्यासारखं खोकायची. लहानपणी मी आईची नक्कल करून सगळ्या गल्लीला हसवलं होतं. आता स्वयंपाकीण बाहेरून म्हणायची, "आज आजीबाईंनी बरं खाल्लं हो." आणि मी आत घास घशात अडकून बसलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

एक दिवस दुपारी आम्ही स्वयंपाकघरात मोदक भरतात तसं कणकेच्या पाऱ्यांत सारण भरत होतो. मी, हुईनियांग आणि स्वयंपाकीण. आईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा, आणि मग तिची ती घसा साफ करायची घरघर.

"आज जरा जास्तच आहे वाटतं," स्वयंपाकीण म्हणाली. "आल्याचा काढा टाकू का?"

मी हुईनियांगकडे बघितलं. ती हातातली पारी दाबत होती, सारण बोटांतून बाहेर येत होतं.

"टाक," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

काढा घेऊन मीच गेले. खोलीत कोणी नव्हतं. पडदा होता तसा, पेटी होती तशी. मी चटईवर बसले, वाडगा तोंडाला लावला, आणि पाठीमागून आई म्हणाली, "माझ्यासाठी आणतेस आणि माझ्यासमोर बसून तूच पितेस होय गं? एवढी कसली भूक तुला?"

हातातला वाडगा पडला नाही, हे माझं नशीब. आवाज तिचाच, मोठा. आई शेवटची काही वर्षं ठार बहिरी झाली होती. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, म्हणून ती साध्या गोष्टीसुद्धा ओरडून सांगायची, आणि तिला सांगायचं तर आपणही ओरडायचं.

"आई," मी पुटपुटले. "आई, तू गेलीस गं."

"काय? मोठ्यानं बोल. तोंडात काय धरलंयस?"

"तू गेलीस. पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी."

"बघा. पुटपुटतेच आहे. बोयान काही बोलत नाही, सून काही बोलत नाही, आणि ही ओठ हलवते नुसती. काय केलंय मी तुमचं?"

बाहेर अंगणात पाणक्या विहिरीवरून पाणी आणत होता. मला ओरडून सांगायचं होतं. छाती भरून श्वास घेतला, आणि तसाच सोडला. ओरडले असते तर आईच्या आधी पाणक्यानं ऐकलं असतं.

त्या दिवसापासून मला खोकायची गरज उरली नाही. आई स्वतःच खोकायची, स्वतःच ओरडायची, पेजेत खजूर का नाही म्हणून भांडायची. नोकरांना शंका कशी यावी? लपवाछपवीत आम्हाला मदत झाली ती आईचीच. रात्रीची नव्हे, भर दिवसाची गोष्ट सांगतेय. हुईनियांग तिच्या दारावरून जाताना भिंतीला चिकटून जायची. एकदा म्हणाली, "वन्सं, सासूबाई मला विचारत होत्या, त्यांचा काही अपराध झालाय का. मी नुसती मान हलवली. त्यांना दिसली की नाही कोण जाणे." आणि ओढणीत तोंड खुपसून बसली. तेव्हापासून माझा तिच्यावरचा राग गेला.

बोयान मात्र आईच्या खोलीकडे फिरकत नव्हता. मी त्याला कचेरीतून उठवून कोपऱ्यात घेतलं.

"तू सांग तिला," मी म्हणाले. "मोठ्यानं सांग. तुझंच ती ऐकेल."

"मोठ्यानं? सगळ्या कचेरीसमोर? वेड लागलंय का तुला?"

"वेड मला नाही लागलं. तिथं आपली आई बसलीय आणि तिला वाटतंय, मुलांनी बोलणं टाकलं. आयुष्यभर तिनं तुझ्या पुस्तकांसाठी हातमाग ओढला, आणि तिला मरायचीही परवानगी नाही."

त्याचा चेहरा पडला. "मला काय ऐकू येत नाही? निवाडा लिहायला बसलो की तिथपर्यंत येतो आवाज. बोयान, जेवलास का. बोयान, जेवलास का." त्यानं डोळे पुसले. "थोडे दिवस, ताई. आपण रडलो की कळेल तिला. रडणं मोठ्यानं असतं ना."

तपासणी अधिकारी दोऊ साहेब आले ते ठरलेल्या दिवशीच. माणूस जाड, हसरा, आईवेडा. बांध बघितला, तुरुंग बघितला, धान्याची कोठारं बघितली, खूश झाले. आणि संध्याकाळी म्हणाले, "आईसाहेबांना नमस्कार केल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही." घरात वडीलधारी बाई असली की वरिष्ठ पाहुण्यानं पडद्याआडून तिला नमस्कार करायचा असतो. ही रीत आम्हा सगळ्यांना पाठ, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ती आली नव्हती.

"तिला बरं नाही," बोयान म्हणाला. "आणि ऐकूही येत नाही, साहेब."

"मग मी ओरडून विचारतो. माझीही अशीच आहे."

मी धावत मागच्या दारानं खोलीत शिरले आणि बांबूच्या पडद्यामागे चटईवर बसले. म्हटलं, आता माझी नक्कल कामाला येईल. दोऊ साहेब दारात वाकले आणि कानठळ्या बसतील असे ओरडले, "आईसाहेब, प्रकृती कशी आहे?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याशेजारी चटई दबली, केसांना लावायच्या तिच्या तेलाचा वास आला, आणि आईच बोलली. "कोण तुम्ही? बरं वाटलं हो. महिना झाला, माझ्याशी मोठ्यानं बोलणारे तुम्ही पहिलेच. साहेब, तुम्ही मोठे दिसता. माझ्या मुलाला विचारा, माझं काय चुकलं? तो माझ्याशी बोलत का नाही?"

 पडद्यापलीकडे साहेब बोयानकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, "शुए, बांध कसला कौतुकाचा? आई तक्रार करतेय तुझी. उत्तर दे तिला. माझ्यासमोर."

बोयान गुडघे टेकून बसला. पडद्याच्या फटीतून मला त्याचं कपाळ दिसत होतं, थंडीतही घामानं भिजलेलं.

"आई," तो ओरडला, "कामात होतो. चुकलो. आता येतो मी. उद्या सकाळी येतो."

"येशील ना? मग मी बसून राहते."

दोऊ साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असंच असतं आपलं. मीही विसरतो." आणि शेरा उत्तम पडला. मुक्कामाला परत जाताना आईसाठी त्यांनी सुक्या फळांची एक करंडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या घोड्यांचे आवाज वेशीबाहेर गेल्यावर बोयाननं जाहीर केलं, आई पहाटे झोपेतच गेली. स्वयंपाकीण कपाळ बडवत आली. कचेरीतली माणसं अंगणात जमली. पी नावाचा मुख्य कारकून पांढरं कापड आणि कागद घेऊन आला, मरणाची वेळ त्यालाच प्रांताला कळवायची असते. बोयान शिडीवरून छपरावर चढला. हातात आईचा जाड निळा अंगरखा. मी आईच्या खोलीच्या दारात उभी होते. उत्तरेकडे तोंड करून त्यानं अंगरखा हलवला आणि गळा काढून ओरडला, "आई, परत ये."

खोलीतून आवाज आला, "अगं बाई. कुठून ओरडतोयस रे?"

अंगणातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. कारकुनाच्या हातातलं कापड खाली पडलं. बोयान छपरावर डगमगला. त्याला थांबायला हवं होतं, पण रीत अशी अंगात भिनलेली असते की पुढची हाक आपोआप तोंडातून गेली. "आई, परत ये."

"इथंच तर बसलेय पहाटेपासून. येतो म्हणालास ना? तू वर काय करतोयस? उतर, पडशील."

पाणक्या पळाला. त्याच्यामागे आणखी काही जण पळाले. हुईनियांग मटकन खाली बसली आणि भीतीनं म्हणा, दुःखानं म्हणा, छाती फुटेल अशी रडायला लागली. आम्हाला वाटलं होतं ना, रडलं की कळेल? आई दचकून ओरडली, "काय झालं? कोण गेलं? कोण गेलं रे आपल्याकडे?"

 आईचा आवाज घाबरा झाला. "बोयान, सांग ना. सूनबाई रडतेय. ताई कुठाय? ताई गेली का?"

मी खोलीकडे तोंड करून ओरडणार होते. पण छपरावरून तोच बोलला.

"आई, तू गेलीस."

 मग तिनं विचारलं, "कधी?"

आज, म्हटलं असतं तर भागलं असतं. पी कारकून खाली उभा होता. एवढ्यावर त्याला गप्प करता आलं असतं, भुताखेताची गोष्ट म्हणून विसरताही आलं असतं. शेरा दोऊ साहेबांच्या पेटीतून प्रांताकडे निघाला होता. बोयाननं खाली अंगणात बघितलं, कचेरीच्या छपराकडे बघितलं, तिच्यापलीकडे त्याच्या बांधाकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हा खोटं बोलला तरी मी ह्याला दोष देणार नाही.

"मागच्या महिन्यात," तो ओरडला. "पहिलं बर्फ पडलं तेव्हा. मी लपवलं, आई. नोकरीसाठी लपवलं. रडू दिलं नाही कोणाला. ताई सांग म्हणत होती, हुईनियांगचाही दोष नाही. मीच लपवलं."

पी कारकुनानं डोळे मिटले. लिहावं त्याला लागणारच होतं.

आत आईनं एक लांब श्वास सोडला. दिवसभर उभं राहून काम केल्यावर चटईवर टेकताना सोडायची तसा. आणि पहिल्यांदाच, बहिरी व्हायच्या आधी बोलायची तशी, हळू बोलली. दारात उभी असल्यामुळे ते फक्त मलाच ऐकू आलं.

"ताई," वरून बोयाननं विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी शिडीपाशी आले. त्यानं पुन्हा विचारलं.

"म्हणाली, एवढंच होय," मी म्हणाले. "म्हणाली, मला वाटलं माझंच काही चुकलं."

बोयान छपरावर बसला. अंगरखा तोंडाशी धरला, मग बाजूला केला, आणि मोकळ्या गळ्यानं रडला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होते. ती त्यानं मारली नाही, आणि खोलीतून पुन्हा आवाज आला नाही.